उपासाला गोळी चालते का?

बाहत्तर सालच्या श्रावणात मी एका औषधाला उपास घडवले. माणसानं उपास करणं निराळं. त्या दुष्काळात आमच्या घरी मांजरसुद्धा उपास करायचं, कारण दूधच नव्हतं. पण मी औषधाला उपास घडवले आणि वर डॉक्टरांना जाऊन ठसक्यात सांगितलं, "तुमची गोळी मला मानवत नाही." तेव्हा मी सव्वीस वर्षांची, मॅट्रिक पास, नगर शहरात वाढलेली नि स्वतःला फार शहाणी समजणारी होते. आज माझ्या नातीनं असलं काही केलं तर मी तिला उभी-आडवी घेईन. त्या बाईंनी मला घेतलं नाही. त्या बाईंबद्दलच लिहायचंय. माझं शहाणपण मधेमधे येईल, तेवढं चालवून घ्या.

बाई म्हणजे डॉक्टर साळवेबाई. मिरजगावात आमचं बिऱ्हाड होतं, आमचे हे तिथल्या हायस्कुलात मास्तर होते. बाईंचा दवाखाना एस.टी. स्टँडच्या मागं, दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, मधे हिरवा पडदा आणि पडद्याआड बाई. अंगानं उंच, हाडापेरानं मोठ्या, बारीक काठाचं पांढरं पातळ. टेबलाशी बसल्या की चपला काढून ठेवायच्या. कुणी आत आलं की उठायचं म्हणून पायानंच त्या चपला चाचपडत राहायच्या, आणि दुसरी चप्पल सापडेपर्यंत समोरच्याची अर्धी हकीकत सांगून झालेली असायची. पुढं मला संशय यायला लागला की त्या मुद्दामच चपला हरवतात.

त्यांना चेहरे लक्षात राहात नसत, जिभा राहात. "कोण तुम्ही? बरं, जीभ दाखवा." जीभ बाहेर आली की, "हां! तुम्ही सुतारांच्या मधल्या सूनबाई. खोकला गेला का?" एकदा भर बाजारात मी त्यांना नमस्कार केला तर मख्ख चेहरा. मग मी भाजीवाल्यांच्या देखत जीभ काढून दाखवली. "अगं बाई, मास्तरीणबाई!" म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारची वांगेवाली तोलायची थांबली. पण हे पुढचं. आधी मला जीभ काढायच्या अवस्थेला यायचं होतं.

बाई नगरच्या ख्रिस्ती. तरी त्यांच्या टेबलावर, स्टेथोस्कोपच्या शेजारी, पंचांग असायचं. चांगलं वापरून कोपरे दुमडलेलं. यावरून गावात दोन तट होते. एक तट म्हणायचा, बाई आतून आपल्यातल्याच आहेत. दुसरा म्हणायचा, सणवार बघून ठेवतात, एखाद्या दिवशी सगळ्यांना बाटवतील. बाई दोन्ही तटांना एकच खोकल्याचं औषध द्यायच्या.

आणि त्यांचा तो शब्द. आपल्याकडं हवा मानवते, पाणी मानवतं, औषध मानवतं. बाई तो शब्द कुठंही लावायच्या. दुकानदाराला, "काय हो, जावई मानवला का?" नव्या गाडीवरच्या ड्रायव्हरला, "गाडी मानवतेय ना?" रस्त्याच्या दुष्काळी कामावरच्या बायकांना सरकारी लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, त्यांना, "मिलो मानवतो का गं?" त्या म्हणायच्या, "मानवाय काय बाई, गिळतोय." बाई तेही ऐकून घ्यायच्या, आणि पोटाचं औषध बांधून द्यायच्या.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती डोकं दुखतं असं सांगायला. डोकं दुखत नव्हतं. काय होतंय ते सांगण्याजोगं काही नव्हतंच, म्हणून डोकं. बाकड्यावर बसले होते. आत गेनूबाबा नावाचा म्हातारा शेतकरी बाईंशी भांडत होता. त्याला सुई हवी होती. पडदा पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"सुई टोचा बाई. गोळ्यांनी न्हाई भागत."

"सुई शिवायला असते बाबा. तुमचं काय फाटलंय?"

बाहेर सगळे हसले. मग गेनूबाबा म्हणाला, "जीव फाटलाय."

बाहेरचं हसणं थांबलं. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि बाई हळू आवाजात काही विचारायला लागल्या. पुढचं ऐकू आलं नाही. पाऊण तास म्हातारा आत होता. बाहेर आला तेव्हा हातात सुईचा कापूस नव्हता, पण डोळे पुसलेले होते. माझ्या शेजारी पार्वतीआक्का बसली होती. गावातली म्हातारी, सगळ्यांची आक्का. दर बाजाराला गुडघे दाखवायला यायची, सगळ्यात आधी यायची आणि नंबर आला की दुसऱ्याला पुढं सोडायची. ती म्हणाली, "बगा, सुई न देता बी टाका घातला बाईनं." मी मनात म्हटलं, ही रिकामटेकडी म्हातारी इथं करमणुकीलाच येते. सांगितलं ना, फार शहाणी होते मी.

माझा नंबर आला.

"काय होतंय?"

"डोकं दुखतं."

बाई चप्पल शोधत होत्या. "आणखी?"

"मला काही झालेलं नाही."

"मग आलात कशाला?"

"त्यालाच," मी म्हटलं.

चप्पल सापडली असावी, कारण त्या स्थिर झाल्या. इथं मला रडू फुटलं असं लिहायला हवं. पण रडूही येत नव्हतं, तीच तर तक्रार होती. सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. पहाटे जाग यायची आणि मग पायलीभर धान्य अंगावर ओतल्यासारखं पडून राहायचं. आमटीला चव नाही, बोलण्यात राम नाही. माझी छबी तीन वर्षांची, तिनं काही दाखवलं की मी बघत असे, पण दिसत नसे. आणि घरात काही म्हणजे काही वाईट झालेलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, "रस्त्यावर बायका उन्हात खडी फोडतायत. त्यांना जे नाही ते सगळं मला आहे. मग मला कसली धाड भरलीय?"

"त्यांच्यातल्या दोघी याच स्टुलावर बसून गेल्यात," बाई म्हणाल्या. "दुष्काळ पडला म्हणून बाकीचे आजार काही रजेवर जात नाहीत. जीभ दाखवा."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. एवढं माझं लग्न ठरवतानाही कुणी विचारलं नव्हतं. कधी छातीत धडधड, हृदयाचं काही? डोळ्यांत काचबिंदू? उभं राहिल्यावर चक्कर? फिट कधी आली होती? दिवस गेलेत का? मूल अंगावर पितं का? दुसरं कुठलं औषध चालू आहे, म्हणजे माझं, वैद्याचं, देवऋष्याचं किंवा शेजारणीचं? माहेरी कुणाला असं झालं होतं? आणि कधी याच्या उलटं होतं का, म्हणजे झोपेची गरज नाही, बोलणं थांबत नाही, डोंगर उचलावासा वाटतो असं? मी म्हटलं, "डोंगर? मला कळशी उचलवत नाही." मग त्याच सुरात, लघवी साफ होते का विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "जीव नकोसा होतो का? तो संपवावा असं मनात येतं का?"

तसं कुणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "संपवावा असं नाही. पण झोपले ती उठलेच नाही तर बरं, असं वाटतं."

"हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. यापेक्षा जास्त काही वाटलं तर दवाखान्याची वेळ बघायची नाही. माझं घर माहीत आहे ना? उठायचं नि यायचं. एकटं बसायचं नाही."

मग त्यांनी ड्रॉवरमधून तपकिरी गोळ्यांची बाटली काढली आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून काही वाचायला लागल्या. मला वाटलं, झालं, हिला येत नाही. घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं, तर मास्तर तावातावानं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. "बाई, तुम्ही पुस्तकात बघून औषध देता?"

"मास्तर, तुम्हाला गणित येतं ना? मग पेपर तपासताना उत्तरं समोर का ठेवता?"

मास्तर चहा पिऊन परत आले. मला म्हणाले, "तुझं तू ठरव. त्या म्हणतात तुलाच ठरवायचंय."

हेच मला समजेना. माझ्या आयुष्यात तोवर मी पातळाचा रंगसुद्धा ठरवला नव्हता. डॉक्टरनं सांगायचं, आपण गिळायचं, एवढंच मला ठाऊक. बाईंनी मात्र गोळ्या न देताच घरी पाठवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "ही तुम्हाला योग्य आहे असं मला वाटतं. पण अंग तुमचं आहे. हलकं असतं तर मी गोळीचं नावही काढलं नसतं, दर बाजाराला येऊन बसा नि बोला, एवढंच सांगितलं असतं. तुमचं तेवढं हलकं नाही राहिलेलं. तरी नको म्हणालात तर हाकलून देणार नाही. येत राहायचं."

"ही वेड्यांची गोळी आहे का?"

"ही माणसांची गोळी आहे."

"लोकांना कळलं तर?"

"माझ्याकडून कळणार नाही. तुम्ही सांगायचं की नाही, ते तुमचं."

"सवय लागेल?"

"मिसरीची लागते तशी नाही. पण मनानं एकदम बंद करायची नाही. बंद करायची तर मला विचारून, हळूहळू." मग त्यांनी पायातली चप्पल चक्क हातात घेतली. "नवी चप्पल चावते ना? पहिले काही दिवस प्रत्येकच चावते. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, झटकन उठलात तर गरगरेल, झोप येईल. आणि गुण? तो दोन-तीन आठवडे तोंडसुद्धा दाखवणार नाही. त्रास आधी, गुण मागून. एवढ्यात लोक चप्पल फेकून देतात. आपण बघायचं असतं की ही नवी आहे म्हणून चावतेय की मापाचीच नाही. ते तुम्हीच सांगू शकता, मी नाही. मापाची नसली तर बदलू. त्यात तुमचा दोष नाही, चपलेचाही नाही."

मी दोन दिवस विचार केला असं म्हणायची सोय नाही. विचारच होत नव्हता. शेजारच्या बायजाबाई ओट्यावर बसल्या होत्या, नि आमची छबी फणी घेऊन त्यांच्याकडं गेली. मी दारात बसले होते, उघड्या डोळ्यांनी, हातभर अंतरावर. बायजाबाई म्हणाल्या, "आईकडनं घाल की गं वेणी." छबी म्हणाली, "आई झोपलीय."

त्याच आठवड्यात सुप्याहून सासूबाईंचा निरोप आला: दसऱ्याला येते, पोरीला आमच्याकडं घेऊन जाते, सूनबाई ठीक होईस्तोवर. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या घरात पोरीला दोन वेळची भाकरी आणि सहा चुलत भावंडं मिळाली असती. त्यामुळं नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी गेले आणि गोळ्या घेऊन आले.

आणि श्रावण लागला.

सोमवार होता, शनिवार होता, आईनं माझ्यासाठी बोललेला गुरुवार होता, शिवाय चतुर्थी, एकादशी. बाईंनी सांगितलं होतं, रोज रात्री झोपताना एक. पण उपासाच्या दिवशी कशी घेणार? तिच्यात काय असेल काय ठाऊक, पीठ असेल. आता सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो. पण मी ठरवलं, वार तर तोच आहे ना, मग नको. देव जेवायला बसलेला असताना मी त्याच्यापेक्षा कडक. अशा आठवड्याच्या निम्म्याच गोळ्या पोटात जायच्या. त्यामुळं झालं असं, की तोंड कोरडं पडायचं तेवढं पडलं, गरगरायचं तेवढं गरगरलं, आणि गुण काही येईना. वर उपासाच्या दुसऱ्या दिवशी डोकं जास्तच भणभणायचं. मी निष्कर्ष काढला. गोळी मला मानवत नाही. पोरगी सुप्याला जाणार.

बाईंना तसं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "चावतेय का अजून? बरं. मग बदलायचा विचार करू." पुस्तक उघडलं. पान उलटता उलटता सहज म्हणाल्या, "काल काय जेवलात?"

"भगर."

"परवा?"

"परवा जेवले. तेरवा साबुदाणा."

बाईंचा हात पुस्तकावरून उठला आणि पंचांगावर गेला. एक बोट वारांवरून खाली खाली सरकत गेलं.

"आणि गोळी?"

"उपासाला कशी चालेल?" मी म्हटलं. बाईंना आपल्यातलं काय कळणार, अशा समजुतीच्या सुरात म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. उठल्या, या वेळी चपला शोधल्या नाहीत, अनवाणीच पडदा बाजूला करून बाहेरच्या खोलीत गेल्या. मी आत, पदर तोंडात धरून.

"मंडळी, एक विचारायचंय. उपासाला गोळी चालते का?"

"कसली? बंदुकीची?" हा गेनूबाबा.

"औषधाची हो."

"मंग सुई द्या. सुई काय पोटात जात न्हाई, उपास मोडायचा सवालच न्हाई."

एक बाई म्हणाली, "मला वाटतं न्हाई चालत. त्येच्यात पीठ असतंय."

तेवढ्यात पार्वतीआक्काचा आवाज आला. "अगं तुज्या सासूला उपासाला मिसरी चालती, चा चालतो, दिसभर शेजारणीचं उनंदुनं काढलेलं चालतं. मंग गोळीनंच काय घोडं मारलंय?"

"पण आक्का, पीठ–"

"वरनं साखर असती ना वो, बाई?"

"असते," बाई म्हणाल्या.

"साखर चालती. आतलं देवाला कुठं दिसतंय!"

"देवाला आतलंच दिसतंय, आक्के," गेनूबाबा म्हणाला.

"मंग त्येला आजार बी दिसत आसंल की!"

मग आक्कानंच विचारलं, "पर गोळी कुनाची हाय?"

"माझी," साळवेबाई म्हणाल्या.

"तुमची? मंग खावा की बाई. तुमाला कशाला आमचे उपास?"

बाई आत आल्या आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता बदलायची नाही. अजून ती घेतलीच कुठं आहे तुम्ही? पुरते तीन-चार आठवडे रोज घ्या, मग ठरवू मानवते की नाही."

"पथ्य काय?" मी विचारलं. आपल्याकडं पथ्याशिवाय औषधाला मान नाही, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्या प्रत्येकाला काहीतरी पथ्य सांगायच्याच. बांधावरून भावाशी अबोला धरलेल्या एकाला त्यांनी खरजेचं मलम देताना सांगितलं होतं, या मलमाला अबोला चालत नाही. मला म्हणाल्या, "पोरीची वेणी तुम्ही घालायची. वाकडी आली तरी चालेल. दुसऱ्यानं घातलेली या गोळीला चालत नाही."

मी घालू लागले. वाकडीच यायची. छबी आरशात बघून काही बोलत नसे, बाहेर जाऊन बायजाबाईंकडून सरळ करून आणायची. मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्या दिवसांत मी बाईंना विचारलं होतं, तुमच्याकडं पंचांग कशाला. त्या कापसाचे बोळे करत होत्या. म्हणाल्या, "माझ्या आजीनं बाप्तिस्मा घेतला, पण एकादशीला ती भगरच खायची. पाद्रीसाहेबांनी विचारलं तर म्हणायची, आवडते. आम्ही हसायचो. शेवटच्या आजारात तिला रोजचं औषध होतं. काही ठरावीक दिवशी ती ते घ्यायची नाही, नि का, ते सांगायची नाही. सांगणार कुणाला? ख्रिस्ती घरात एकादशी कुणापुढं बोलून दाखवणार? डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही." त्यांनी एक बोळा बरणीत टाकला. "पुढं डॉक्टर झाल्यावर मी पहिलं काय विकत घेतलं असेल तर हे." मग लगेच, "चला, जीभ दाखवा."

गुण आला तो मला कळलाच नाही. बाईंनी आधीच सांगितलं होतं, "तुम्हाला सगळ्यात शेवटी कळेल." दसऱ्याला सासूबाई आल्या, पोरीच्या कपड्यांना वेगळं बोचकं घेऊन. जेवायला बसल्या. पहिल्याच घासाला म्हणाल्या, "आमटीत मीठ न्हाई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मीठ दुष्काळी कामावर गेलंय, आत्याबाई. संध्याकाळी येईल."

ह्यांचा घास हातात राहिला. छबीनं माझ्याकडं वर पाहिलं. आणि हसली. सासूबाईंनी मला नीट निरखून बघितलं आणि लेकाला म्हणाल्या, "बरी झाली रं ही. उलटून बोलाय लागली. मला उद्याच्या गाडीत बसवून दे." बोचकं रिकामंच परत गेलं.

तोंड मात्र कोरडं राहिलं ते राहिलंच, खडीसाखर चघळत बसायचे. एकदा पाण्याच्या रांगेत चक्कर आली, तेव्हा बाईंनी गोळी थोडी कमी केली. तलाठ्यांच्या भावाला, हे तोच पुढं सांगायचा, तीच गोळी सोसली नाही, धडधड वाढली. त्याला बाईंनी ती बंद करून नगरला मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. आणि मी एकदा माझ्या नणंदेसाठी चार गोळ्या जास्त मागितल्या, तिलाही अगदी असंच होतं म्हणून. तेव्हा बाई मला चिडलेल्या दिसल्या, त्या एकदाच. "विरजण मागताय का? तिला इथं आणा. तिचं मी तिला विचारीन." नणंद सुप्याहून कशाला येतेय. राहून गेलं.

एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, मी हसते, पण भीती वाटते. हे मी हसते की ती गोळी हसते?"

बाईंनी गंभीरपणानं बाटली डोळ्यांसमोर धरून हलवली. "या गोळ्यांना विनोद कळत नाहीत हो, मास्तरीणबाई. मी तपासून बघितलंय."

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडावर बाईंनी मिरजगाव सोडलं. नगरच्या एका दवाखान्यात त्यांना बोलावलं होतं आणि घरी म्हातारी आईही होती. माझी गोळी तोवर त्यांनी कमी करत आणली होती. अजून थोडे दिवस, मग बंद, असं ठरलं होतं. मी विचारलं, "आणि परत झालं तर?" त्या म्हणाल्या, "होऊही शकतं. तर परत विचारायचं. मिरजगावाहून नगर काही विलायत नाही."

निघायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर निम्मं गाव लोटलेलं. गेनूबाबानं हरभऱ्याचं गाठोडं आणलं होतं. आक्का माझ्या शेजारी काठी टेकून उभी, गुडघे दुखत असूनही पहाटेपासून. बाईंची ट्रंक टपावर चढली. बाई खिडकीशी बसल्या, आणि बसल्या बसल्या खाली वाकल्या. चपला काढून ठेवत असणार. मग वर बघून एकेकाकडं निरखायला लागल्या. इतक्या चेहऱ्यांत कुणीच ओळखू येत नव्हतं, ते दिसतच होतं. मी गर्दीत पुढं सरकले आणि जीभ काढली.

बाईंचा चेहरा उजळला. गाडी सुरू झाली होती, आवाज पोचायला ओरडावं लागलं असतं. त्यांनी बोटानं हवेतच पंचांगाचे वार मोजल्यासारखं केलं, आणि भुवया वर केल्या. त्या दिवशी संकष्टी होती. एवढं करूनही त्या तोंडानं अक्षर बोलल्या नाहीत. ते माझं होतं ना, सांगायचं की नाही.

काय झालं कोण जाणे, मी स्टँडभर ऐकू जाईल अशी ओरडले, "चालते, बाई! संकष्टी असली तरी रात्री घेणार! रोज घेते!"

खिडकीतून एक लांब पांढरा हात बाहेर आला आणि नगर रस्त्याच्या वळणापर्यंत हलत राहिला.

धूळ बसली. मंडळी पांगायला लागली. पार्वतीआक्का तिथंच उभी होती, माझ्याकडं बघत. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "म्हंजी त्या दिशी ती गोळी बाईंची नव्हती व्हय? तुजी हुती? आगं मंग आदी बोलायचं न्हाई का पोरी? मी बी इच्यारलं असतं. कवापासनं गुडघ्याचं नाव सांगून बसतीया म्या त्या बाकड्यावर... नगरची पुढली यष्टी कवा हाय?"